काम गेलं नाही, पातळ झालं

मे २०२५ मध्ये सरकारनं बेरोजगारीचा आकडा पहिल्यांदाच महिन्याच्या हिशोबानं काढला, त्याआधी शहरांचा तिमाहीला आणि सगळ्या देशाचा वर्षाला यायचा. एप्रिलचा आकडा होता ५.१ टक्के. सकाळी चहाच्या वेळी मी तो मोबाईलवर अण्णांना वाचून दाखवला. अण्णा म्हणजे माझे वडील, सत्तरीला टेकलेत, अजून रोज सकाळी सात वाजता मागाच्या शेडमध्ये जाऊन बसतात, कुणी सांगितलेलं नाही तरी. त्यांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "त्यात आपला खाडा धरलाय का रे?"

खाडा म्हणजे काम नसल्यानं बुडालेला दिवस. मला हसू आलं तेव्हा, पण तो प्रश्न काय डोक्यातून जाईना म्हणून हे लिहायला बसलोय.

आम्ही इचलकरंजीचे. आमचे आठ साधे यंत्रमाग आहेत. अण्णा आधी दुसऱ्याच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते, मग एकेक करत जुने माग घेतले आणि खर्चीवाले झाले. बाहेरच्यांसाठी सांगतो, खर्चीवाला म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, फक्त माग, लाईट बिल, कामगार आणि डोकेदुखी आमची. व्यापारी बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा गुंडाळलेला रूळ, देतो, आम्ही विणून देतो, पिकावर, म्हणजे एका इंचात आडवे धागे किती त्या हिशोबानं, मजुरी मिळते. मी स्वतः माग चालवत नाही, मी एका टॅक्सवाल्यांकडे बसून लोकांची खाती लिहितो आणि जीएसटी भरतो, त्यामुळे झालंय काय की आमच्यासारख्या पन्नास-साठ जणांचे कागद दर महिन्याला माझ्या हाताखालून जातात आणि गावात काम किती आहे ते मला पेपरच्या आधी कळतं.

आणि या सगळ्यावरून माझं एक मत झालंय ते असं, की आमच्याकडं काम जात नाही. काम पातळ होतं. टीव्हीवर दाखवतात तसं हातात खोका घेऊन ऑफिसच्या बाहेर पडणारी माणसं इथं नसतात, कुणाला नोकरीवरून काढल्याचं पत्र येत नाही कारण नोकरीवर घेतल्याचं पत्रच कधी दिलेलं नसतं. मंदी आली की आधी रात्रपाळी बंद होते. मग आठवड्यातून दोन खाडे पडतात. मग सहा माग बघणाऱ्याला चारच माग मिळतात. मग पिकाचा दर एक पैशानं उतरतो. माणूस तोच, शेड तीच, डबा तोच, फक्त आठवड्याच्या पगाराचं पाकीट हलकं. दुधात पाणी घालतात तसं, रंग पांढराच दिसतो.

आता बेरोजगारीचा तो आकडा ज्या सरकारी सर्व्हेतून येतो त्याची व्याख्या बघा. महिन्याचा आकडा 'चालू आठवडा' या हिशोबानं निघतो, म्हणजे मागच्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी निदान एक तास काम केलं असेल तर तो माणूस कामावर आहे असं धरतात. एक तास! आमच्या शेडमधला कामगार खाडे पडूनसुद्धा आठवड्यातले चार दिवस तरी येतोच, म्हणजे तो शंभर टक्के रोजगारात. व्याख्या चूक आहे असं माझं म्हणणं नाही, जगभर साधारण अशीच मोजतात, पण ती पगारी नोकरीच्या देशासाठी शिवलेली चड्डी आहे, आमच्या अंगाला ती बसत नाही. अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. खाडा त्यात धरलेला नाही.

एक पैसा म्हणजे किती ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला हसू येतं. समजा कापड ५२ पिकाचं आहे, म्हणजे एका इंचात बाण्याचे, आडवे, ५२ धागे. व्यापाऱ्यानं पिकाला एक पैसा कमी केला म्हणजे मीटरला ५२ पैसे गेले. एका मागावर एका पाळीत ४५ मीटर धरा, आठ माग, दोन पाळ्या, दिवसाला ७२० मीटर. दिवसाचे ३७४ रुपये, महिन्याचे २६ दिवस धरले तर पावणेदहा हजाराच्या आसपास. एका पैशात. आणि हे नफ्यातनं जातं असं नाही, आठ मागवाल्याकडं नफा असतोच कुठं एवढा, हे जातं घरातनं, आणि थोडंफार कामगाराच्या पाकिटातनं. लाईट बिल तर कमी होत नाही.

तर हा एक पैसा कोण ठरवतं? लहानपणी मला वाटायचं व्यापारी ठरवतो, म्हणून व्यापाऱ्याचा राग यायचा. आता खाती लिहून लिहून कळलंय की व्यापाऱ्याच्या मागं पण कुणीतरी उभं आहे. आमचं पॉपलीन, कॅम्ब्रिक कोरं कापड जातं राजस्थान-गुजरातेतल्या पाली, बालोत्रा, जेतपूर असल्या ठिकाणी, तिथं रंगवतात, छापतात, मग त्याचे परकर, अस्तरं, साड्या होऊन देशभरच्या आठवडी बाजारात जातात. म्हणजे आमचं गिऱ्हाईक शेवटी कोण, तर बिहारमधली नाहीतर विदर्भातली एखादी बाई जी सणाला दोन परकर घेणार की एकावर भागवणार. पाऊस चुकला, गावाकडं पैसा नाही, तर ती एकच घेते. मग दुकानदार पेमेंट लांबवतो, तिकडचा प्रोसेसवाला लांबवतो, इथला व्यापारी म्हणतो माल पडून आहे, आणि आमच्या दारात बीम यायचं थांबतं. ही साखळी फिरायला दोन-तीन महिने लागतात. त्यामुळं पावसाळा बिघडला तर आमची दिवाळी नीट जाते आणि संक्रांतीला बसतं.

१९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांनी पाठबळ दिलं, हे आम्हाला शाळेत इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतसुद्धा म्हणू शकतो. महाराष्ट्राचं मँचेस्टर वगैरे. कापूस इथं पिकत नाही, गिऱ्हाईक इथलं नाही, कामगार पण निम्मे बाहेरचे, सोलापूर-विजापूरकडचे, यूपी-बिहारचे. म्हणजे इथलं स्वतःचं असं काहीच नाही, सगळं बाहेरून येतं आणि बाहेर जातं. मग बाहेर वारा सुटला की पहिलं आमचंच छप्पर वाजणार.

२०१६ ची नोटाबंदी मला स्पष्ट आठवते, कारण त्या आठवड्याचा पगार मीच वाटत होतो. ८ नोव्हेंबरला रात्री जाहीर झालं, आमच्याकडं सगळा पगार रोखीत, आठवड्याला. कामगाराला पाचशेची जुनी नोट दिली तर तो बँकेच्या लाईनीत उभा राहणार म्हणजे त्याचा खाडा, आणि नाही दिली तर तो खाणार काय. व्यापाऱ्याकडं चेक तयार होते पण चेकनं किराणा येत नाही. दोन आठवडे आम्ही कसंबसं ओढलं, किराणावाल्याला सांगून उधारीवर धान्य दिलं पोरांना, मग परप्रांतातले चौघं म्हणाले गावाकडं जाऊन येतो. त्यातला एक आला परत. बाकीचे तिघं आले नाहीत. कागदावर मागणी-पुरवठा सगळं होतं, फक्त मधलं वंगण काढून घेतल्यावर यंत्राचं जे होतं ते झालं.

त्यावर वर्ष व्हायच्या आत १ जुलै २०१७ ला जीएसटी. सुरतेला व्यापाऱ्यांनी मार्केट बंद ठेवलं, इकडंही खरेदी थंडावली. मी तेव्हा नुकता या लाईनीत आलो होतो, आणि खरं सांगायचं तर माझं पोट जीएसटीवरच चालतं, तरी सांगतो, पहिलं वर्ष वाईट गेलं. सिंथेटिक सुतावर आधी १८ टक्के, मग त्या ऑक्टोबरात १२ केला, आणि कापडावर ५. म्हणजे सुतावर भरलेला कर कापडावरच्या करात पुरता वळता होईना, आणि कापडावर त्याचा रिफंड १ ऑगस्ट २०१८ पर्यंत मिळतच नव्हता. छोट्या माणसाचं भांडवल तिथं अडकलं. भांडवल अडकलं की माणूस पहिलं काय करतो? रात्रपाळी बंद करतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तो सिंथेटिक सुताचा दर शेवटी ५ वर आणला. आठ वर्षं लागली. मधल्या काळात किती माग भंगारात गेले ते विचारू नका, किलोवर विकले लोकांनी.

अजून एक गंमत सांगतो, गंमत म्हणजे कसली. इन्कम टॅक्सच्या कायद्यात ४३ बी मध्ये एक कलम घातलं की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल ४५ दिवसांच्या आत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत दिलं नाही तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च घेणाऱ्याला उत्पन्नातनं वजा धरता येणार नाही. हेतू काय सुंदर! आमच्यासारख्यांना पैसे वेळेवर मिळावेत. पण कापडात उधारी चालते तीन-तीन, चार-चार महिन्यांची. मग मार्च २०२४ जवळ आला तसं घेणाऱ्यांनी काय केलं, छोट्याकडून माल घेणंच कमी केलं, नाहीतर म्हणाले एप्रिलमध्ये बिल करू. मी स्वतः त्या महिन्यात लोकांना समजावून दमलो की हे तुमच्या भल्यासाठी आहे. एकजण म्हणाला, "भलं राहू दे, बीम मिळवून दे." मी गप्प.

व्याजदराचं पण तसंच. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३, रिझर्व्ह बँकेनं रेपो, म्हणजे ती बँकांना उसने पैसे देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. महागाई होती, नेला असेल, मला त्यात अक्कल नाही. पण इथं ते कसं पोचतं बघा. मोठ्या बँकांचं छोट्या उद्योगाचं कर्ज २०१९ पासून रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधलेलं आहे, तिथं वाढलं की वाढतं, कमी झालं की होतं. आमच्यातल्या बऱ्याच जणांचं कर्ज मात्र सहकारी बँकेत, पतसंस्थेत, नाहीतर सरळ सूत व्यापाऱ्याच्या उधारीत. तिथं दर वाढवायला बैठक लगेच होते आणि कमी करायला संचालक मंडळाचा कोरम भरत नाही. फेब्रुवारी २०२५ पासून रेपो उतरायला लागला, जूनपर्यंत साडेपाचवर आला, पेपरात कर्जदारांना दिलासा म्हणून फोटोसकट बातम्या. माझ्याकडच्या पासबुकांत दिलासा शोधला, एका पतसंस्थेनं पाव टक्का सोडला होता, बाकी सगळीकडं जुनाच दर. वर चढताना लिफ्ट, खाली उतरताना जिना.

आता सगळ्यात अवघड भाग, तो म्हणजे माझी सासुरवाडी.

सासरे परभणी जिल्ह्यातले, मानवतकडचे, कापूस लावतात. मी त्यांना मामा म्हणतो. माणूस अगदी सरळ पण कापसाचा विषय निघाला की आमच्या दोघांत एक अदृश्य टेबल येतं, जसं काही वाटाघाटी चालू आहेत. २०२२ च्या मे महिन्यात कापसाची खंडी, म्हणजे ३५६ किलो रुई, लाखाच्या वर गेली. मामांच्या आयुष्यात एवढा भाव नव्हता. ज्यांनी कापूस घरात ठेवला होता त्यांचं सोनं झालं, मामांनी निम्मा ठेवला होता, त्यात घराचा स्लॅब पडला. त्याच महिन्यात आमच्याकडं सुताचे दर सकाळी एक दुपारी एक, व्यापारी म्हणे एवढ्या महाग सुताचं कापड घेणार कोण, आणि आमचे आठातले पाच माग उभे. स्लॅबच्या जेवणाला गेलो तेव्हा मामा खुशीत होते, मी श्रीखंड खाल्लं आणि काही बोललो नाही.

२०२५ ला उलटं. ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर आधी २५ आणि मग २७ तारखेपासून एकूण ५० टक्के आयात कर लावला. आता तुम्ही म्हणाल परकराच्या पॉपलीनचा आणि अमेरिकेचा काय संबंध. मलाही आधी तसंच वाटलं. पण सोलापूरचा टॉवेल, तिरुपूरचे कपडे, ते जातात की तिकडं. त्यांच्या ऑर्डरी थांबल्या की जी मोठी युनिटं एक्सपोर्टचं कापड काढायची ती देशातल्या बाजारात उतरतात, तीच एअरजेट, तेच रेपियर, असले नवे माग, आमच्या साध्या मागापेक्षा कितीतरी पट वेगानं. बाजार तेवढाच, ताटात बसणारे वाढले. पिकाचा दर त्या गणपतीत उतरला.

आणि गिरण्यांना दिलासा म्हणून केंद्रानं १९ ऑगस्टपासून कापसाच्या आयातीवरचा ११ टक्के कर काढला, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. आमच्या ग्रुपवर लोकांनी फुलं टाकली. त्याच रात्री मामांचा फोन. "जावईबापू, तुमच्या लोकांनी करून घेतलं म्हणं." मी म्हटलं मामा, माझे लोक कोण, आठ मागांवाला माणूस दिल्लीला काय सांगणार. ते म्हणाले, "तसं न्हाई, पण आमचा कापूस घरात यायच्या टायमालाच बाहेरचा कसा काय येतो?" लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या वर्षी क्विंटलला ८११० रुपये होता, पण हमीभाव मिळायला सीसीआयचं, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाचं, केंद्र चालू पाहिजे, नोंदणी पाहिजे, ओलावा बसला पाहिजे, आणि मजुराला वेचणीचे पैसे तर त्याच दिवशी द्यायचे असतात. मामा मग खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन घेणाऱ्या व्यापाऱ्याला, देतात.

माझी बायको मधे बसून दोन्हीकडचं ऐकते. ती एकदा म्हणाली, तुम्ही दोघं भांडू नका, कापूस महाग झाला तर माझा बाप हसतो नवरा रडतो, स्वस्त झाला तर उलटं, मी दर वर्षी एका बाजूनं तरी हसतेच. यावर काय बोलणार. पण नंतर विचार केला तर तिनंही खरं काय ते अर्धंच सांगितलं, कारण कापूस स्वस्त झाला तरी आमचा पिकाचा दर वाढत नाही. सूत उतरलं की कापडाचा भाव पण उतरतो, आणि मजुरी तिथंच. महागाईत आमचं काम जातं आणि स्वस्ताईत आमचा दर जातो. मामांचं मात्र चांगल्या वर्षी खरंच चांगलं होतं, म्हणून मला त्यांचा हेवा वाटतो, आणि मग वाईट वर्ष आलं की त्या हेव्याची लाज वाटते.

कोरोनाचं फार लिहीत नाही, सगळ्यांनी लिहिलंय. एकच आकडा. २०१८-१९ मध्ये देशातल्या काम करणाऱ्या शंभरातले ४२-४३ जण शेतीत होते, २०२०-२१ मध्ये ते ४६ च्या पुढं गेले. आणि त्याच दोन वर्षांत बेरोजगारीचा वर्षाचा आकडा ५.८ वरून ४.२ वर आला. म्हणजे कमी झाला! एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं उत्पन्न जवळजवळ पावभर आटलं आणि त्या साली बेरोजगारी कमी दिसते, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं छपाईची चूक आहे. चूक नाही. आमच्या शेडमधला पोरगा गावी गेला, भावाच्या दोन बिघ्यांत आधी तीन माणसं होती तिथं चौथा उभा राहिला, पगार शून्य, पण 'घरच्या शेतीत मदतनीस' म्हणून तो कामावर धरला गेला. मागावरचा माणूस शेतावर गेला की काम जात नाही, बघा, परत तेच, पातळ होतं. आधी चार जणांच्या भाजीत पाचवा जेवतो तसं.

आणि गरीब माणसाला बेरोजगार राहणं परवडतच नाही. बेरोजगार राहतो तो डिग्रीवाला, ज्याच्या बापाकडं दोन वर्षं जेवू घालायची ऐपत आहे. आमच्या गल्लीत एमपीएससीवाले सहा आहेत, सर्व्हेत ते बेरोजगार. मागावर आठवड्याला चार दिवस जाणारा सर्व्हेत कामावर. परिस्थिती कुणाची बरी हे तुम्हीच ठरवा.

बरं चांगलं काहीच होत नाही असंही नाही. ट्रॅक्टर आणि गाड्या खपायला लागल्या की कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फौंड्र्या, म्हणजे लोखंड ओतायचे कारखाने, पोरं ओढून घेतात, तेव्हा आमच्याकडं माग आहेत पण कामगार नाही अशी बोंब असते, आणि कामगाराला पहिल्यांदा आवाज येतो. त्या महिन्यांत अण्णा त्यांच्याशी जरा गोड बोलतात, मी पाहिलंय. बायकांची कामं मात्र कुठल्याच तेजीत वर येत नाहीत. बाण्याच्या सुताची कांडी भरायची, चेकिंग करायचं, घडीला बसायचं, हे सगळं बाईनं आणि नगावर. पाळी बंद पडली की पहिली कांडीवाली घरी. आमच्या मावशी वीस वर्षं कांडी भरत होत्या, आता घरी परकर शिवतात, डझनावर. त्यांना कधी बेरोजगार म्हणून कुणी मोजलं नाही आणि कामगार म्हणूनही नाही. लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात तेव्हा म्हणतात, "एवढा एकच पगार वेळेवर हुतोय बघ."

आता सरकारनं काय करावं असं कुणी विचारेल. मला नाही माहीत बाबा. वीज सवलत दिली की माग चालतो हे खरं आहे, पण सवलतीवर चालणारा माग किती दिवस चालवायचा हाही प्रश्न आहे, आणि नवीन एअरजेट घ्या म्हणणाऱ्यांना मी विचारतो की आठ साध्या मागांवर पाळीला दीड-दोन माणसं लागतात, एअरजेटवर तेवढ्याच माणसांत कितीतरी जास्त कापड निघतं, ते बरोबरच आहे, पण उरलेल्यांना कुठल्या शेडमध्ये पाठवू? कागलला जागा असेल तर बरं. नसेल तर? एवढंच मला वाटतं की किती जण कामावर आहेत हे मोजता तसं किती तास आणि किती पैसे हेही त्याच पहिल्या पानावर छापा. तासांचे तक्ते त्या रिपोर्टांत असतात, मी बघितलेत, पण पार आत, कुणी उघडत नाही तिथं.

परवा संध्याकाळी शेडवर गेलो होतो. तीन माग चालू, पाच उभे. आमचा जुना कामगार, विजापूरकडचा, अकरा वर्षं आहे आमच्याकडं, तो उभ्या मागावर बसून मोबाईल बघत होता. मला बघून उठला. अण्णा कोपऱ्यात खुर्चीवर.

"अण्णा, सोमवारपासून रात्रपाळी लावताय काय?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, जसं काही मला रिझर्व्ह बँकेचा फोन येऊन गेलाय. मग त्याला म्हणाले, "बीम येऊ दे की."

"मग गावाकडं जाऊन येऊ का चार दिवस?"

"जा. पण परत ये."